धरणाच्या कंपनाचे गणित

दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार अचल आहे ही समजूतही त्या पहाटे ढासळली. १९६९ मधील भद्राचलमच्या व १९९३ मधील किल्लारीच्या भूकंपांनंतर तर तिला आधारच उरला नाही. म्हणूनच साताऱ्यापासून आदिलाबादपर्यंत मोठ्या बांधकामांची जबाबदारी वाहणाऱ्या अभियंत्यांना संरचनांच्या कंपनाचे गणित, म्हणजेच त्यासाठीच्या संख्यात्मक पद्धती, शिकणे अगत्याचे ठरते. हे प्रशिक्षण कशासाठी, ते कोयना धरणाच्याच उदाहरणावरून समजते.

१०३ मीटर उंचीचे हे धरण भूकंपात उभे राहिले. परंतु त्याच्या काही उंच खंडांना आडवे तडे गेले. हे तडे पायाशी नव्हते. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जेथे धरणाचा उतार एकदम बदलतो, तेथे ते पडले. धरणाचे संकल्पन करताना वजनाच्या ५ टक्के इतके आडवे बल गृहीत धरण्यात आले होते. त्या हिशेबात हे ठिकाण धोक्याचे दिसतच नव्हते.

असे का व्हावे? ज्वारीचे ताट वाऱ्याने हलते तेव्हा बुंधा जागीच राहतो व कणीस सर्वांत अधिक झुलते. धरणाचेही तसेच आहे. कोयनेच्या उंच खंडाचे एक आंदोलन सुमारे एक तृतीयांश सेकंदात पूर्ण होते. धरणातच बसविलेल्या यंत्राने नोंदविलेला प्रवाहाच्या दिशेचा हादरा गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ निम्मा होता. स्थिर बलाच्या जुन्या हिशेबाला हे झुलणे ठाऊक नव्हते.

नव्या पद्धतीत धरणाच्या छेदाचे कागदावर लहान लहान तुकडे पाडतात व प्रत्येकाचे वजन आणि ताठपणा मांडतात. काळाचेही तुकडे करतात; सेकंदाचा शंभरावा भाग घेतला, तर दहा सेकंदांच्या भूकंपासाठी हजार पायऱ्या होतात. एका क्षणाच्या स्थितीवरून पुढच्या क्षणाची स्थिती काढीत जावयाचे. अशी एक सर्वमान्य रीत न्यूमार्क यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत बर्कले येथे कोयनेचे असे विश्लेषण केले, तेव्हा उताराच्या त्याच बदलापाशी ताण काँक्रीटच्या शक्तीपलीकडे गेलेला आढळला.

प्रशिक्षणाचा खरा भर मात्र आकडेमोडीवर नसावा. ती संगणक करतो. काळाची पायरी फार मोठी घेतली तर जलद कंपने हिशेबातून निसटतात. कंपन किती लवकर विरते, याचा अंदाज चुकला तर ताणही चुकतो. उत्तर मात्र संगणक तेव्हाही तितकेच नीटनेटके छापून देतो. शिवाय तडा गेल्यानंतर काँक्रीट पूर्वीसारखे वागत नाही. तेथून पुढचे गणित निराळे व अधिक कठीण असते.

कोयना धरणाला पुढे काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणण्यात आली. त्या पहाटेची कंपनाची नोंद नवी गणनापद्धती पारखण्यासाठी देशोदेशीचे संशोधक आजही वापरतात.