टपालाची फट व पेढीचे दार

पांढुर्णा वा सौंसर येथील एखाद्या संत्रा-व्यापाऱ्याने पेढीवर स्वतःचा ई-मेल सर्व्हर ठेवला, अशी कल्पना करू. बाहेरच्या सर्व्हरांकडील पत्रे २५ क्रमांकाच्या पोर्टावर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, येतात. ते बंद केले तर नागपूरच्या अडत्याचे पत्रही पोहोचणार नाही. तेवढी फट सर्वांस मोकळी हवी. पत्रे धाडण्याचे ५८७ व वाचण्याचे ९९३ ही पोर्टे मात्र फायरवॉलने पेढीतील यंत्रांपुरती अथवा व्हीपीएनमधून येणाऱ्यांपुरतीच राखावीत. मुनीमजी कुरकुरतील, हे आम्ही जाणतो! परंतु २०२१ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरांवर हल्ले झाले, ते जगाला खुल्या असलेल्या ४४३ या पोर्टावरून. तेथे परक्यांस मज्जाव असता, तर पहिला शिरकावच अडला असता. आधीच आत शिरलेल्यास मात्र नंतर दार लावून बाहेर काढता येत नव्हते.