परक्या भूमीतील सेविका : रूथ आणि मदर तेरेसा

शास्त्रपाठ : रूथ १ व २, मत्तय २५:३१-४६, इफिस २:११-२२



आपल्यापैकी काही जण नोकरीच्या निमित्ताने चंदीगडला राहत असतील. काहींनी सिमल्याला जाताना ते शहर गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. विस्थापितांच्या गरजेतून ते उभे राहिले. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला राजधानी उरली नाही आणि घरदार सोडून आलेल्यांनाही ठाव हवा होता. स्वित्झर्लंडमध्ये जन्मून पुढे फ्रेंच नागरिक झालेल्या ल कॉर्बुझिए यांनी शहराची रचना आखली आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी बरोबर तीन वर्षे, ७ ऑक्टोबर १९५० रोजी, परदेशातून आलेल्या एका कॅथॉलिक धर्मभगिनीच्या लहानशा संघाची कलकत्त्यात अधिकृत स्थापना झाली होती. त्या संघाच्या, म्हणजे मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या, भगिनींचे गृह चंदीगडच्या सेक्टर २३ मध्येही आहे. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. त्यात गूढार्थ शोधू नये. परंतु ते शहर आणि ती भगिनी आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवतात : परका आपला कसा होतो?

१. शब्दांचा अर्थ

भाषांतराच्या मेजावर या विषयाचे शब्द फार अडवतात. इब्री भाषेत 'गेर' म्हणजे दुसऱ्याच्या देशात वस्ती करून राहिलेला, स्वतःची जमीन नसलेला, यजमानांच्या न्यायबुद्धीवर विसंबून असलेला मनुष्य. 'नोख्री' म्हणजे सर्वस्वी परका. आपल्या जुन्या गावगाड्यात मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क. उपरी कसत असे, पण त्याला तसा हक्क नसे. 'गेर' या शब्दाची छाया या 'उपरी'त बरीचशी सापडते.

रूथच्या पुस्तकात प्रथम उपरे झाले ते इस्राएली कुटुंब. दुष्काळामुळे नामीचे घर मवाबात राहावयास गेले, आणि तेथे वापरलेले क्रियापद 'गेर'च्याच धातूपासून आले आहे. पुढे मवाबी सून बेथलेहेमात आली आणि बवाजापुढे तिने स्वतःला 'नोख्री' म्हटले. काल आपण ज्यांच्या दारी उपरे होतो, तेच आज आपल्या दारी येतात, ही या पुस्तकाची पहिली शिकवण होय.

२. निघणे आणि शिकणे

अग्नेस गोंजा बोयाजिऊ यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये येथे एका अल्बेनियन कुटुंबात झाला. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना वडील वारले. वयाच्या अठराव्या वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी घर सोडले. आयर्लंडमधील लोरेटो भगिनींच्या मठात थोडे इंग्रजी शिकून त्या जहाजाने निघाल्या आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कलकत्त्यास पोहोचल्या. तेरेसा हे नाव घेऊन त्यांनी एंटाली येथील सेंट मेरीज शाळेत शिकवले, बंगाली व हिंदी आत्मसात केली आणि पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या.

वाचकहो, इतकी वर्षे या देशात राहूनही त्यांना पुन्हा एकदा निघावे लागले. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात, गरिबांतील गरिबांमध्ये राहून सेवा करण्याचे पाचारण त्यांना झाले. ऑगस्ट १९४८ मध्ये निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसून त्या मठाबाहेर पडल्या, पाटण्यास शुश्रूषेचे थोडे शिक्षण घेतले आणि मोतीझीलच्या वस्तीत जमिनीवर काठीने अक्षरे काढून मुलांना शिकवू लागल्या. मठाच्या भिंतीआड परकेपणा फारसा जाणवत नाही; वस्तीत तो पावलोपावली जाणवतो.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रूथ बेथलेहेमात आली ती उपकारकर्ती म्हणून नव्हे. मजुरांच्या मागून सरवा वेचणारी म्हणून आली. मदर तेरेसांनाही प्रथम घ्यावेच लागले. एका भारतीय ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आपल्या घराचा मजला दिला. त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी पहिल्या सोबतिणी झाल्या. १९५२ मध्ये कालीघाट येथे मरणासन्नांसाठी नगरपालिकेने जागा दिली. चंदीगडमध्ये १९८५ साली उभारलेले 'खुला हात' हे शिल्प देणाऱ्याचे आहे आणि घेणाऱ्याचेही. ज्याला घेता येत नाही, त्याचे देणे सहज मिजासीचे होते.

३. परतीचा मार्ग

रूथने नामीला दिलेल्या वचनाचा शेवट आपण घाईने वाचतो. जेथे नामी मरेल व पुरली जाईल तेथेच आपलीही माती व्हावी, असे ती म्हणते. कामापुरता आलेला मनुष्य मूठमातीची जागा मात्र मनात आपल्या गावीच राखून ठेवतो. रूथने तीही राखली नाही.

मदर तेरेसांची आई व बहीण अल्बेनियात तिराना येथे राहत होत्या. तेथील साम्यवादी राजवटीने देशाच्या सीमा बंद केल्या आणि १९६७ मध्ये धर्मावरच बंदी घातली. मायलेकींची भेट घडवण्याचे प्रयत्न फसले. १९७२ मध्ये आई निवर्तली. १९२८ नंतर मायलेकी एकमेकींना दिसल्या नाहीत. १९८९ मध्ये मदर प्रथम अल्बेनियात जाऊ शकल्या, तेव्हा भेटीला उरली होती ती कबर. ज्या हातांनी हजारो अनोळखी माणसांचे डोळे मिटले, त्यांना स्वतःच्या आईचे डोळे मिटता आले नाहीत. अशा त्यागाविषयी गोड बोलणे सोपे असते. त्याची किंमत मोजणारा मात्र ती आयुष्यभर मोजत असतो.

स्वतंत्र भारताचे नागरिकत्व त्यांनी स्वीकारले. ५ सप्टेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले आणि कलकत्त्यातील आपल्या मातृगृहातच त्यांना मूठमाती मिळाली.

४. अंधार आणि तहान

त्यांच्या संघाच्या प्रार्थनामंदिरात क्रूसाशेजारी प्रभूचे तहानेविषयीचे उद्गार लिहिलेले असतात (योहान १९:२८). मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे : 'दिप्सो'. प्रभूची ही तहान भागवावी म्हणून मदर निघाल्या. आणि त्यांच्याच अंतःकरणात ती तहान दीर्घकाळ राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांवरून कळते की, कार्यारंभापासून पुढे कित्येक दशके देवाच्या सान्निध्याची जाणीव त्यांना क्वचितच झाली. नामीनेही आपल्याला 'मारा' म्हणजे क्लेशमया म्हणावे असे बेथलेहेमच्या बायकांना सांगितले होते, आणि पवित्र शास्त्राने ते बोलणे झाकून ठेवले नाही. जाणीव नसतानाही आज्ञापालन चालू ठेवणे, हाही विश्वासच होय.

त्यांच्या गृहांतील वैद्यकीय उपचार व देणग्यांचा विनियोग यांवर टीकाही झाली. २०१६ मध्ये त्यांना संतपद मिळाले म्हणून ती टीका वाचू नये, असे नाही. प्रीतीने केलेल्या कामालाही ज्ञान व शिस्त लागते, हा धडा आपल्या सेवाकार्यांनीही घ्यावा.

५. आपल्यासाठी

रूथच्या पुस्तकात निवेदक तिला वारंवार 'मवाबी' म्हणतो. ती सरवा वेचते, सासूला सांभाळते, तरी ते विशेषण सुटत नाही. चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनात मात्र ती नुसती रूथ उरते. रूथ निष्ठावंत होतीच, पण बेथलेहेमानेही दार उघडावे लागले.

मत्तय २५ मध्ये प्रभू स्वतःला ज्या 'क्सेनोस' म्हणजे परक्यामध्ये पाहतो, तोच शब्द पौल इफिसच्या पत्रात आपणा सर्वांसाठी वापरतो : आपणही एके काळी देवाच्या नगराबाहेरचे उपरेच होतो; ख्रिस्ताने आपल्याला घरचे केले. म्हणून हा पाठ केवळ एका थोर भगिनीच्या कौतुकाचा नाही. केरळातून, छोटा नागपुरातून, वसईतून दूरच्या प्रांतात गेलेल्या कितीतरी धर्मभगिनी आज परक्या भाषेत आजाऱ्यांची विचारपूस करीत असतील. आपल्या मंडळीतही परप्रांतातून आलेला एखादा मजूर शेवटच्या बाकावर बसून, कोणाशी न बोलता घरी जात असेल. त्याच्या नावाआधी आपण अजून कोणते विशेषण लावतो?

मननासाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबातील कोणती पिढी प्रथम उपरी झाली? तिला आसरा कोणी दिला?
२. सेवा करताना घेण्याची नम्रता आपल्यात आहे काय?
३. येत्या रविवारी शेवटच्या बाकावरील व्यक्तीचे नाव, गाव आणि तिची भाषा विचारून घ्या. तिला आपल्या घरी जेवावयास बोलवा.