जुन्या गाडीची खडखड : गिअर बॉक्स खोलण्याआधी

गॅरेज चालविणाऱ्या आमच्या काही कारागीर बंधूंची एक सवय आम्हाला खटकते. जुनी गाडी खडखडत आली की पाना हाती घ्यायचा आणि थेट गिअर बॉक्स उतरवायचा. गाडीमालकाचा दिवस बुडतो, आणि बॉक्स पुन्हा चढविल्यावर खडखड तशीच! मग मजुरीवरून वाद होतो आणि गिऱ्हाईक तुटते.

हर्सूल हे जळगाव रस्त्यावरचे गाव. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याकडे जीपगाड्यांनी वर्षानुवर्षे उतारू वाहिले, तेव्हा जीपचेच उदाहरण घेऊ. महिंद्राने १९४७ साली मुंबईत जीप जोडण्यास सुरुवात केली. पुढे मॉडेले बदलली, पण इंजिनची ताकद क्लच, गिअर बॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि हाउसिंग या वाटेनेच मागच्या चाकांपर्यंत जात राहिली. पुढे इंजिन व मागच्या चाकांना ओढ असलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारचीही साधारण हीच रचना असते.

आवाज कोठून येतो याआधी तो केव्हा येतो हे पाहावे. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. खडखड असेल तर क्लच दाबा. आवाज थांबला तर दोष बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये, गिअरमध्ये किंवा क्लच प्लेटच्या ढिल्या स्प्रिंगांमध्ये असू शकतो. बॉक्समधले ऑइल कमी आहे का, तेही आधी बघा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्यावा. दाबूनही काही फरक पडला नाही, तर सायलेन्सरचा क्लॅम्प, माउंटिंग आणि खालचे पत्रे हलवून पाहा. कित्येकदा चोर तिथेच सापडतो.

आवाज फक्त चालत्या गाडीत येत असेल तर मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने आधी तिसऱ्या आणि मग चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवा. इंजिनचे फेरे कमी झाल्याबरोबर आवाजही बदलला तर दोष इंजिन-क्लचच्या बाजूस. वेग तोच आणि टकटकही तशीच, तर दोष शाफ्टपासून मागे. चौक्याच्या घाटात चढताना एक आणि ॲक्सिलरेटर सोडून उतरताना दुसरीच घुरघुर ऐकू आली तर क्राउन-पिनियन तपासा. मात्र या परीक्षेसाठी घाटात गाडी न्यूट्रल करू नये.

गिअर टाकून क्लच सोडताच खालून ‘खडाक’ झाले, तर आधी क्रॉस पाहावा. इंजिन बंद, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, मागचा भाग नुसत्या जॅकवर नव्हे तर स्टँडवर. क्रॉसच्या दोन्ही बाजू हातांनी धरून उलटसुलट पिळा. थोडाही प्ले लागला किंवा कपाभोवती तांबडी भुकटी दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडल्या आहेत असे समजा. असा क्रॉस ग्रीस भरून चालविणे धोक्याचे आहे. धावत्या गाडीत शाफ्ट सुटला तर उतारूंच्या जिवावर बेतते.

शाफ्ट काढण्यापूर्वी त्याच्या सरकत्या जोडाच्या दोन्ही भागांवर पंचने खूण करा. खडू पुसला जातो. कोनात फिरणारा क्रॉस दर फेऱ्यात शाफ्टला दोनदा किंचित जलद व दोनदा किंचित मंद करतो. दुसरा क्रॉस ती चूक भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असले तरच. जोड एका दाताने चुकला की नव्या क्रॉसनिशीही गाडी थरथरते, आणि दोष सुट्या भागाच्या दुकानदारावर जातो!

पुढची चाके ओढणाऱ्या मारुती ८०० सारख्या गाडीत हा लांब शाफ्ट नसतो. तिथे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालविताना कटकट आली तर बाहेरचा जॉइंट आणि त्याचे फाटलेले रबर बघावे.

या तपासणीची मजुरी वेगळी सांगावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी सांगावी. तास-दीड तासाचे हे कसब फुकट देण्याचे कारण नाही. काम झाल्यावर मालकाला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये गाडी फिरवा, आणि मगच बिल हाती द्या.