डोळे न उघडलेल्या पिल्लांचा हक्क

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात एप्रिलच्या मध्यापासून पारा 42 ते 45 अंशांकडे झुकू लागतो, आणि याच दिवसांत गल्लीतील एखादी मांजरी व्यालेली आढळते. जागा ती आपल्याच आश्रयाची निवडते. जिन्याखालचा कोपरा, माळ्यावरचे जुने गाठोडे, पत्र्याच्या शेडमधील फाटकी गादी, क्वचित मशिदीत जनाजा ठेवण्याची खोलीही. मग घरातील कोणीतरी विचारतो, "मौलाना, मांजरी आमची नाही, पिल्ले आमची नाहीत. मग आमच्यावर काही जबाबदारी येते का?"

प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी एका प्रसिद्ध हदीसकडे नीट पाहिले पाहिजे. एका स्त्रीला मांजरीमुळे शिक्षा झाली, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हकिकत आली आहे. तिचा आशय असा की, त्या स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले. तिला खायला-प्यायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडे-उंदीर खाऊन तिने आपले पोट भरावे म्हणून तिला मोकळेही सोडले नाही. अखेर ती मांजरी मेली. बहुतेक वेळा आपण या कथेतून एवढेच घेतो की मांजरीला छळू नये. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोष कोठे ठेवला ते पाहावे. खाऊ घालणे आणि मोकळे सोडणे, असे दोन मार्ग त्या स्त्रीपुढे होते. तिने दोन्ही बंद केले. जोवर प्राणी स्वतःच्या पायांनी जाऊन आपली उपजीविका शोधू शकतो, तोवर आपल्यावरचा भार हलका असतो. ज्या क्षणी त्याची वाट बंद होते, त्या क्षणी तो भार आपल्या खांद्यावर येतो.

आता ज्या पिल्लांचे डोळेच उघडलेले नाहीत, त्यांची वाट तर निसर्गतःच बंद आहे. त्यांना कोणी कोंडले नाही, तरी ती कोंडलेलीच आहेत. येथे मला मालिकी फुकहांनी नोंदवलेला एक मसला फार मोलाचा वाटतो. एखादी आंधळी मांजरी कोणाच्या घरी येऊन राहिली आणि तिला तेथून निघून जाणे शक्य नसेल, तर तिचा खर्च त्या घरमालकावर वाजिब होतो. जाण्याची शक्ती असेल तर होत नाही, असे त्यांनी म्हटले आहे. आपल्याकडे बहुतांश लोक हनफी आहेत, कोकणातील बांधव शाफई आहेत. तेव्हा मी हा मसला फतवा म्हणून सांगत नाही. परंतु ज्या विद्वानांनी एका आंधळ्या मांजरीचा विचार इतक्या बारकाईने केला, त्यांच्यापुढे आपण आपल्या जिन्याखालची चार पिल्ले ठेवली तर ते काय म्हणतील, हे ओळखणे कठीण नाही.

अर्थात जबाबदारी आहे म्हणजे पिल्ले उचलून आत आणावीत, असा अर्थ घेऊ नये. दयेच्या भरात हीच चूक सर्वाधिक होते. सुनन अबू दाऊदमध्ये एका प्रवासाची हकिकत आहे. काही सहाबींनी एका लहान पक्ष्याची दोन पिल्ले उचलली. ती पक्षीण पंख फडफडवीत वर घिरट्या घालू लागली. प्रेषित (स.) आले, त्यांनी ते दृश्य पाहिले, हिला तिच्या पिल्लांवरून कोणी दुःख दिले अशी विचारणा केली आणि पिल्ले तिला परत करण्यास सांगितले. ज्यांनी पिल्ले उचलली ते काही दुष्ट नव्हते. तरीही आईचे दुःख हा स्वतंत्र हक्क मानला गेला. पोत्यात भरून पिल्ले बाजारात सोडणारा हा हक्क मोडतो हे उघडच आहे. पण मायेने पिल्ले आपल्या खोलीत आणून दार लावणाराही तो मोडतो.

आमच्या मोहल्ल्यातील एका गच्चीवर मागे असे घडले. पाण्याच्या टाकीखाली पाच पिल्ले होती. मुले दिवसातून दहा वेळा ती उचलून पाहत. मांजरी बिथरली आणि भर दुपारी दोन वाजता एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या गच्चीवर नेऊ लागली. तापलेल्या स्लॅबवर मध्येच ठेवलेली दोन पिल्ले तिच्या पुढच्या फेरीपर्यंत जगली नाहीत. मुलांच्या मनात वाईट काहीच नव्हते. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लांना टाकते, हा समज खरा नाही; पण वारंवार छेडले की ती जागा बदलते, हे मात्र खरे. मांजर आपली पिल्ले सात घरी फिरवते, असे आपल्या आजी सांगत. त्या फिरण्याचे एक कारण पुष्कळदा आपणच असतो.

तेव्हा पहिला उपाय म्हणजे दुरून पाहणे. मांजरी दिसत नाही म्हणून पिल्ले अनाथ झाली असे समजू नये. ती अन्नाच्या शोधात काही तास बाहेर असू शकते. पिल्ले एकमेकांवर ढीग करून शांत झोपली असतील आणि त्यांची पोटे भरलेली असतील, तर आई येऊन गेली आहे. ती एकमेकांपासून दूर पसरली असतील, सतत केकाटत असतील आणि अंग हाताला कढत लागत असेल, तर तेथे उष्णता फार आहे. नवजात पिल्लू जेमतेम 100 ग्रॅम वजनाचे असते. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात आणि पहिले तीन-चार आठवडे त्याला आपल्या शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. थंडीत ते गारठते आणि पत्र्याखाली भाजून निघते.

पत्र्याखालची दुपार बाहेरच्या सावलीपेक्षा अधिक कडक असते, हे शेड असलेल्या घरांना सांगायला नको. पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा कडबा पसरावा, अथवा ओले गोणपाट टाकून ते दुपारी दोन-तीनदा भिजवावे. एवढ्याने न भागल्यास जागा बदलावीच लागते. ती फजरनंतरच्या गारव्यात बदलावी, उन्हात नव्हे. पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात जुने सुती कापड अंथरावे. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखे अडकतात. खोके जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर असावे आणि पिल्ले मांजरीच्या देखत त्यात ठेवावीत, म्हणजे ती शोधत हिंडणार नाही. तिने पिल्ले परत जुन्या जागी नेली तर हट्ट करू नये. खोके आणखी जवळ सरकवावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. जागा निवडताना सकाळची सावली पाहून फसू नये. अकरा वाजता थंड असलेली पश्चिमेची भिंत चार वाजता तव्यासारखी होते. तेथे वारा खेळता हवा, बोक्याला सहज शिरता येऊ नये, कारण बोका पिल्ले मारतो, आणि मांजरीला मात्र केव्हाही ये-जा करता यावी. खोलीचे दार लावायचेच असेल तर तिच्यापुरती फट कायम उघडी राहिली पाहिजे. वर सांगितलेल्या हदीसचा अर्थ रोजच्या व्यवहारात या एका फटीत येतो.

कूलरचा झोत थेट पिल्लांवर सोडू नये. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे 30 अंशांची ऊब मानवते. ओल्या वाऱ्याने ती गारठतात. खोलीची हवा निवली की पुरे.

आता पाण्याविषयी. मांजरीला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना. एरवी ती अंग चाटून आणि धापा टाकून निवते आणि त्यातच तिला चार-पाच पिल्लांसाठी दूधही तयार करायचे असते. पाणी नसेल तर दूध आटते. मातीच्या उथळ परळात पाणी ठेवावे, दिवसातून दोनदा बदलावे. खोल बादली ठेवू नये, रांगू लागलेले पिल्लू त्यात पडते. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला आपल्या मोज्यातून विहिरीचे पाणी पाजणाऱ्या माणसाची क्षमा झाली, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. परंतु फिकहने याच तत्त्वावर एक हुकूम सांगितला आहे, तो कमी लोकांना ठाऊक आहे. पाणी इतके थोडे असेल की वुजू केल्यास आपले जनावर तहानेने व्याकूळ होईल, तर ते पाणी जनावरासाठी राखून माणसाने तयम्मुम करावा. हनफी ग्रंथांत हे आहे, शाफई ग्रंथांतही आहे. ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील लोकांनी या हुकुमाचे वजन ओळखावे. नमाजसाठीचे पाणी जेथे मागे ठेवले गेले, तेथे अंगण शिंपडायचे पाणी कोणत्या गणतीत?

मांजरीने भांड्याला तोंड लावले तर काय, हा प्रश्न भगिनी नेहमी विचारतात. ह. अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी त्यांची सून कब्शा वुजूचे पाणी ओतत होत्या. मांजर आले, तेव्हा त्यांनी भांडे तिरके करून त्याला पाणी पिऊ दिले. सुनेला आश्चर्य वाटले. त्यावर त्यांनी प्रेषित (स.) यांचे सांगणे ऐकवले की मांजर नापाक नाही, ते तुमच्यात फिरत राहणाऱ्यांपैकी आहे. मूळ अरबीतील 'तव्वाफीन' हा शब्द 'तवाफ'च्याच धातूपासून आलेला आहे आणि कुरआनच्या सूरह नूरमध्ये घरात वावरणारे सेवक आणि मुले यांच्यासंबंधी याच धातूचा शब्द आला आहे. म्हणजे मांजरीची गणना परक्यांत नव्हे, घरात वावरणाऱ्यांत झाली. शाफई मतानुसार मांजरीचे उष्टे पाणी पाक आहे. हनफी मतानुसार दुसरे पाणी असताना ते वापरणे मकरूह तन्जिही आहे. तोंडाला उंदराचे रक्त दिसत असेल तर ते नापाकच. तिची लघवी आणि विष्ठा मात्र नापाक आहे. त्या जागेची स्वच्छता करताना फिनाईल वापरू नये, ते मांजरांना विषारी असते. साबण आणि पाणी पुरेसे आहे.

दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. उकडलेली कोंबडी, मासळी, अंडे, हाडे काढलेले मटण तिला चालते. बिर्याणीचा किंवा सालनाचा उरलेला भाग देऊ नये. कांदा आणि लसूण मांजरांच्या रक्ताला घातक असतात. गाईच्या दुधाने बहुतेक मांजरांना हगवण लागते आणि नवजात पिल्लांना तर ते मुळीच पाजू नये. अन्न पिल्लांपासून दूर ठेवावे, अन्यथा मुंग्या येतात आणि मुंग्या नवजात पिल्लांना सोडत नाहीत. माणसाची औषधे कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरीचा जीव घेते. मांजरी तोंड उघडून धापा टाकत असेल, झोकांड्या खात असेल, तर तिला सावलीत आणून पंजे, कान आणि पोट साध्या पाण्याने भिजवावे, बर्फाने नव्हे, आणि लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत, मांजरीवर प्रेम करणे हा ईमानचा भाग आहे, अशी एक 'हदीस' येते. मुहद्दिसांनी ती मनगढंत ठरवली आहे. प्रेषित (स.) यांनी झोपलेल्या मांजरीसाठी आपली बाही कापली, या कथेलाही विश्वसनीय हदीस संग्रहांत आधार नाही. चांगल्या कामासाठीही प्रेषितांच्या नावावर खोटे सांगणे हा मोठा गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. तिर्मिजीमध्ये ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या नावाची हकिकत आहेच. ते शेळ्या राखत असताना मांजरीचे एक लहान पिल्लू जवळ बाळगत. रात्री ते झाडावर ठेवत, दिवसा त्याच्याशी खेळत. त्यावरून लोकांनी त्यांना ही कुनयत दिली. 'हुरैरा' म्हणजे छोटीशी मनी. ज्यांच्याकडून सर्वाधिक हदीस आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्यांना जग त्यांच्या पाळण्यातील नावाने नव्हे, या नावाने ओळखते.

मुलांना पिल्ले दाखवावीत, परंतु लांबून आणि मोजक्या वेळी. मांजरी पिल्लांजवळ असताना हात घातला तर ती ओरबाडते किंवा चावते. तसे झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. हळद किंवा चुना लावून बसू नये. घरात गरोदर स्त्री असेल तर मांजरीची विष्ठा काढण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे.

चार आठवड्यांनंतर पिल्ले मऊ अन्न खाऊ लागतात. परंतु आठ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी त्यांना आईपासून तोडू नये. त्या सुमारास मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, अगदी दूध पाजत असतानाही. आणि दोन महिन्यांत पुढची वेत येते. नसबंदीविषयी फुकहांमध्ये मतभेद आहे. हनफी फुकहांनी लाभ असल्यास किंवा हानी टाळण्यासाठी मांजरीच्या बाबतीत ती जाइज सांगितली आहे. शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. पिल्ले कोणाला द्यायची असतील तर घर आधी पाहून घ्यावे आणि सगळी एकाच दिवशी देऊ नयेत. एकेक करून, चार-सहा दिवसांच्या अंतराने द्यावीत, म्हणजे मांजरीचे दूध हळूहळू आटते आणि तिची आचळे सुजत नाहीत.