इंग्रजी उतारा समजून कसा वाचावा
परीक्षेस बसणाऱ्या तरुणांसाठीं व त्यांस शिकविणाऱ्या उपदेशकांसाठीं एक पाठ



प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायांत कूश देशाच्या एका अधिकाऱ्याची गोष्ट आहे. तो रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्यानें वाचीत होता. फिलिप्पानें जवळ जाऊन त्यास विचारलें तें इतकेंच कीं, तो जें वाचीत आहे तें त्यास समजतें काय. वाचन स्पष्ट होतें, उच्चार शुद्ध होते, परंतु अर्थ कळत नव्हता; आणि तसें कबूल करण्याची त्या मनुष्यास लाज वाटली नाहीं.

आमच्या खेड्यांतील मुलांची इंग्रजीच्या बाबतींत हीच स्थिति आहे. महाराष्ट्रांत सन २००० पासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. म्हणजे दहावीस बसणाऱ्या मुलाचीं दहा वर्षें त्या भाषेंत गेलेलीं असतात. धड्याखालच्या प्रश्नांचीं उत्तरें तो घडाघडा म्हणून दाखवितो. परंतु परीक्षेंत पूर्वीं न पाहिलेला उतारा समोर आला म्हणजे त्याचा हात थांबतो. शहरांतील मुलास खासगी शिकवणी मिळते. शेतमजुराच्या मुलास ती मिळत नाहीं. मग इंग्रजी राहिलें म्हणून परिचारिकेचें शिक्षण राहतें, नोकरी राहते, आणि पोर निमूटपणें घरीं बसतें. यासाठीं ज्या उपदेशक बंधूंस व बायबल-बाईंस थोडेंसें इंग्रजी येतें, त्यांनीं संध्याकाळचा एक तास या कामास द्यावा, अशी आमची विनंति आहे.

या पाठाचें सूत्र एकच आहे: वाक्यांत जें लिहिलें आहे तें सर्व वाचावें, आणि जें लिहिलेलें नाहीं तें त्यांत घालूं नये.

(येथील इंग्रजी वाक्यें बाळबोध अक्षरांत छापलीं आहेत. विद्यार्थ्यानें तीं आपल्या वहींत इंग्रजी अक्षरांनीं लिहून काढावीं. त्यानें वर्णलेखनाचाही अभ्यास होईल.)

१. वाक्याची रचना

मराठींत शब्दाचें नातें प्रत्ययावरून कळतें. ‘कुत्रा माणसास चावला’ म्हटलें काय किंवा ‘माणसास कुत्रा चावला’ म्हटलें काय, चावणारा कुत्राच राहतो. इंग्रजींत असा प्रत्यय नाहीं. तेथें शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय आहे. ‘द डॉग बिट द मॅन’ यांत कुत्रा चावला. ‘द मॅन बिट द डॉग’ असें म्हटल्याबरोबर चावणारा माणूस झाला! म्हणून आधीं कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, हा क्रम मुलांच्या मनावर बिंबवावा. मराठींत क्रियापदासाठीं वाक्याच्या शेवटाकडे पाहावें लागतें. इंग्रजींत तें बहुधा कर्त्याला लागून असतें.

आतां आमच्या लोकांच्या नेहमींच्या चार चुका पाहूं.

पहिली, काळाची खूण दोनदां देणें. ‘ही डिड नॉट वेंट’ हें चूक. ‘ही डिड नॉट गो’ हें बरोबर. ‘डिड’ या शब्दांत भूतकाळ आलाच आहे, मग मूळ क्रियापदास पुन्हां ती खूण कशाला? तसेंच ‘शी रीड्स’ यांतील शेवटचा ‘स’ प्रश्न करतांना ‘डझ’ मध्यें जातो: ‘डझ शी रीड?’ खूण एक, ती एकाच ठिकाणीं द्यावयाची.

दुसरी, ‘अ’ आणि ‘द’ हीं उपपदें गाळणें. मराठींत उपपदें नाहींत, म्हणून तीं आपणांस निरर्थक वाटतात. परंतु ‘आय सॉ अ वेल. द वेल वॉज ड्राय’ या दोन वाक्यांत तींच सांगतात कीं, पहिल्या वाक्यांत कोणतीशी एक विहीर होती, आणि दुसऱ्यांत तीच, आतां ओळखीची झालेली विहीर आहे.

तिसरी, ‘मला’ या शब्दाचें शब्दशः भाषांतर करणें. ‘मला तहान लागली आहे’ याचें इंग्रजी ‘आय ॲम थर्स्टी’. ‘मला दोन बहिणी आहेत’ याचें ‘आय हॅव टू सिस्टर्स’. ‘मला ताप आहे’ याचें ‘आय हॅव अ फीव्हर’. मराठींत तहान, बहिणी व ताप हे कर्ते आहेत; इंग्रजींत कर्ता मी आहें.

चौथी, ‘पासून’ या शब्दाची. ‘तीन वर्षांपासून’ हें मुदतीचें माप आहे, तेथें ‘फॉर थ्री इयर्स’ असें म्हणावें. ‘सन २०२० पासून’ ही आरंभाची खूण आहे, तेथें ‘सिन्स’ लावावें. आणि दोहोंबरोबर क्रियापद असें येतें: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स.’ ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ असें आपले पुष्कळ सुशिक्षित लोकही म्हणतात; परीक्षक त्याचे गुण कापतो.

२. शब्दसंग्रह

रोज वीस सुटे शब्द पाठ करणारा विद्यार्थी महिन्याअखेर पांचही सांगूं शकत नाहीं. शब्द हे कुटुंबानें राहतात, त्यांस कुटुंबानेंच ओळखावें. ‘केअर’ म्हणजे काळजी, ‘केअरफुल’ काळजी घेणारा, ‘केअरलेस’ निष्काळजी, ‘केअरलेसनेस’ निष्काळजीपणा. एक शब्द शिकला आणि चार हातीं आले. याच रीतीनें ‘होप’, ‘यूज’ व ‘हेल्प’ यांचीं कुटुंबें मुलांनीं स्वतः जमवावीं, आणि प्रत्येक शब्द आपल्या घरच्या एका वाक्यांत घालून लिहावा.

जे इंग्रजी शब्द मराठींत रुळले आहेत त्यांविषयीं विशेष सावध असावें. आपल्याकडे ‘ग्लास’ म्हणजे पेला, मग तो पितळेचा असला तरी चालतो. इंग्रजींत त्याच शब्दाचा अर्थ कांच असाही आहे. ‘लाइट गेली’ असें आपण विजेविषयीं म्हणतों; इंग्रजींत ‘लाइट’ म्हणजे उजेड किंवा दिवा. ‘बँक’ म्हटलें कीं मुलास पेढीच आठवते. पण ‘द चर्च स्टँड्स ऑन द बँक ऑफ द रिव्हर’ यांत तो नदीचा कांठ आहे. कोश कागदाचा असो वा हातांतील फोनवरचा असो, तो अर्थांची रास पुढें ओततो. त्यांतून योग्य अर्थ निवडणें हें वाक्याकडे पाहूनच होतें.

३. उतारा

पुढील उतारा दोनदां मोठ्यानें वाचावा. पहिल्या वेळीं कोश उघडूं नये.

‘अ गर्ल लिव्ह्ड इन अ स्मॉल व्हिलेज निअर द हिल्स. इन जॅन्युअरी द व्हिलेज वेल ड्राइड अप, सो द विमेन वॉक्ड टु द रिव्हर एव्हरी मॉर्निंग. द गर्ल कॅरीड वॉटर फॉर हर मदर, हू वॉज इल. ऑल्दो शी वॉज टायर्ड, शी नेव्हर मिस्ड दि ईव्हनिंग क्लास. हर टीचर हॅड टोल्ड हर, “यू विल फर्गेट दीज वर्ड्स अनलेस यू यूज देम.” इन मार्च शी सॅट फॉर दि एक्झॅमिनेशन.’

आतां तीन कामें करावीं.

(अ) प्रत्येक क्रियापदाखालीं रेघ ओढावी व तें कोणाचें, हें विचारावें. ‘लिव्ह्ड’: कोण राहत होती? ‘वॉक्ड’: कोण चालत गेल्या? ‘हॅड टोल्ड’: कोणीं सांगितलें होतें, आणि तें आधीं कीं नंतर?

(आ) प्रत्येक सर्वनामाचा धनी शोधावा. ‘हू’ म्हणजे आई, मुलगी नव्हे. आजारी आई होती. ‘देम’ म्हणजे ते शब्द. येथें घोटाळा झाला कीं सर्व उत्तरें बिघडतात.

(इ) जोडशब्दांवर थांबावें. ‘सो’ म्हणजे म्हणून: विहीर आटली हें कारण, नदीवर जाणें हें कार्य. ‘ऑल्दो’ म्हणजे जरी. मराठींत ‘जरी’ नंतर ‘तरी’ येतें, म्हणून आमचीं मुलें ‘ऑल्दो’ नंतर ‘बट’ घालतात; इंग्रजींत दोहोंपैकीं एकच पुरे. ‘अनलेस’ या शब्दाच्या पोटांतच नकार आहे: ‘तुम्ही ते वापरले नाहींत तर.’ त्यापुढें आणखी ‘नॉट’ घातला कीं अर्थ उलटतो.

४. खरें, खोटें, कीं सांगितलेलें नाहीं?

खालील विधानें उताऱ्याशीं ताडून पाहावीं.

१. मुलीची आई आजारी होती.
२. मुलगी संध्याकाळच्या वर्गास वारंवार गैरहजर असे.
३. नदी गांवापासून फार लांब होती.
४. मुलगी परीक्षेंत उत्तीर्ण झाली.

पहिलें खरें. दुसरें खोटें, कारण ‘नेव्हर मिस्ड’ असें स्पष्ट आहे. तिसऱ्यास पुष्कळ मुलें खरें म्हणतील, कारण आपल्या बायका पाण्यासाठीं किती लांब जातात हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु उताऱ्यांत अंतर दिलेलें नाहीं. आणि चौथें? इतके कष्ट केलेली मुलगी उत्तीर्ण झाली असेल, असें कोणाच्या मनांत येणार नाहीं? पण ‘सॅट फॉर’ म्हणजे परीक्षेस बसली, एवढेंच. निकाल लेखकानें सांगितलेला नाहीं. तिसऱ्या व चौथ्याचें उत्तर एकच: सांगितलेलें नाहीं.

‘खोटें’ व ‘सांगितलेलें नाहीं’ यांतील भेद नीट ध्यानांत घ्यावा. उतारा ज्याच्या उलट बोलतो तें खोटें. ज्याविषयीं तो गप्प आहे तें सांगितलेलें नाहीं. परदेशीं नोकरीस जाऊं इच्छिणाऱ्या परिचारिकांपैकीं पुष्कळ जणी आय.ई.एल.टी.एस. नांवाच्या परीक्षेस बसतात. तींत वाचनासाठीं ६० मिनिटें व ४० प्रश्न असतात, आणि या प्रकारचे प्रश्न त्यांत येतात. चुकीच्या उत्तरास तेथें गुण वजा होत नाहींत, म्हणून कोणताही प्रश्न कोरा सोडूं नये.

हा भेद पवित्र शास्त्र वाचणारास नवा नाहीं. बाळ येशूच्या दर्शनास आलेले मागी लोक किती होते, असें मंडळींत विचारा. सर्वजण तीन म्हणतील. मत्तयाचें शुभवर्तमान उघडून पाहा. भेटी तीन सांगितल्या आहेत. माणसांची संख्या दिलेली नाहीं. जो मुलगा इंग्रजी उताऱ्यांत आपल्या मनचें घालीत नाहीं, तो देवाच्या वचनांतही घालणार नाहीं, आणि मंडळीस असा वाचक फार मोलाचा आहे.

५. उत्तर लिहिण्याची रीति

प्रश्न असा आहे: ‘व्हाय डिड द विमेन वॉक टु द रिव्हर?’ उत्तर लिहितांना ‘डिड’ गळतो आणि त्याची काळाची खूण ‘वॉक’ वर परत येते: ‘द विमेन वॉक्ड टु द रिव्हर बिकॉज द व्हिलेज वेल हॅड ड्राइड अप.’ उताऱ्यांतील ओळ जशीच्या तशी उतरून काढूं नये. प्रश्नाचेच शब्द घेऊन पूर्ण वाक्य करावें.

६. आठवड्याचा क्रम

सोमवारीं एक नवा उतारा मोठ्यानें वाचावा. मंगळवारीं त्यांतील क्रियापदें व सर्वनामें पाहावीं. बुधवारीं शब्दांचीं कुटुंबें जमवावीं. गुरुवारीं प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. शुक्रवारीं मुलांनीं स्वतः चार विधानें रचून एकमेकांस घालावीं. ज्यास प्रश्न घालतां येतो त्यास उतारा समजला.

पुस्तकाची अडचण कोणासही नाहीं. मार्काचें शुभवर्तमान १६ अध्यायांचें आहे. आठवड्यास एक अध्याय धरल्यास चार महिन्यांत पुरें होतें. एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी ठेवावें. मजकूर ओळखीचा असल्यामुळें सर्व लक्ष भाषेकडे देतां येतें. मात्र १६११ सालचें जुनें इंग्रजी भाषांतर यासाठीं घेऊं नये. त्यांतील सर्वनामें व क्रियापदांचीं रूपें आज परीक्षेंत चालत नाहींत. १९७६ सालीं पूर्ण झालेलें ‘गुड न्यूज बायबल’ सोप्या इंग्रजींत आहे, तें घ्यावें.

‘आतां या वयांत कसें जमणार?’ असें जे म्हणतात त्यांनीं पंडिता रमाबाईंकडे पाहावें. संस्कृतांत वाढलेल्या या बाई १८८३ सालीं, वयाच्या पंचविशींत, इंग्लंडास गेल्या. आणि १८८७ सालीं त्यांचें ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. पुढें शास्त्राच्या भाषांतरासाठीं त्यांनीं इब्री व ग्रीक या भाषांचाही अभ्यास केला. इंग्रजी शिकून त्यांनीं मराठी टाकली नाहीं. उलट जें मिळविलें तें मराठी वाचणाऱ्या गरीब स्त्रियांच्या हातीं दिलें. आमच्या मुलामुलींनींही याच हेतूनें इंग्रजी शिकावें. आणि ज्या उपदेशकास वाटतें कीं आपलें इंग्रजी तोकडें आहे, त्यानें मुलांबरोबर बसून वाचावें. फिलिप्पही रथांत चढून त्या अधिकाऱ्याच्या शेजारींच बसला होता.

अभ्यास. इंग्रजी करा:
१. काल पाऊस पडला नाहीं.
२. माझ्या भावास तीन मुली आहेत.
३. ती दोन महिन्यांपासून आजारी आहे.
४. जरी तो गरीब आहे तरी तो प्रामाणिक आहे.
५. तुम्ही आलां नाहीं तर आम्ही जाणार नाहीं.

ताळा (आधीं स्वतः लिहून मग पाहावा):
१. इट डिड नॉट रेन यस्टरडे.
२. माय ब्रदर हॅज थ्री डॉटर्स.
३. शी हॅज बीन इल फॉर टू मन्थ्स.
४. ऑल्दो ही इज पुअर, ही इज ऑनेस्ट.
५. वी विल नॉट गो अनलेस यू कम.