आजींसाठी तलवार नको, फूल करा

प्रश्न : मी वाढदिवसांना लांब फुग्यांचे कुत्रे, तलवारी करून देतो. येत्या रविवारी एका वृद्धाश्रमात बोलावलंय. काय वेगळं करावं लागेल?

उत्तर : आधी व्यवस्थापकांना फोन करून कुणाला रबराची (लेटेक्सची) ॲलर्जी आहे का, ते विचारा. असेल तर त्या खोलीत फुगे नकोतच. फुग्यावरची पावडर हवेतूनही त्रास देते.

दुसरी अडचण आवाजाची. फुगा फुटला की मुलं हसतात, पण श्रवणयंत्र लावलेले आजोबा चांगलेच दचकतात. तुमचा नेहमीचा २६० क्रमांकाचा फुगा, म्हणजे २ इंच जाड आणि ६० इंच लांब, पूर्ण फुगवू नका. शेवटी चार-पाच इंच शेपूट मोकळी सोडा आणि गाठ मारण्याआधी थोडी हवा काढा. फुगा मऊ राहतो, पिळताना सहसा फुटत नाही, करकरतही कमी.

स्टेज विसरा. स्टूल घेऊन एकेकासमोर बसा. रंग त्यांना निवडू द्या, पंप त्यांच्या हाती द्या. एखादे आजोबा 'हे पोरांचे खेळ' म्हणतील. म्हणू द्या, त्यांनाच गाठ धरायला सांगा. आजींना मनगटावर बांधता येईल असं फूल बहुधा आवडतं. आणि कृपा करून बोबडं बोलू नका!

स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या हाती फुगा असताना शेजारी कुणीतरी हवंच. फुटलेला तुकडा तोंडात गेला तर घशात अडकतो. निघताना खुर्च्यांखालचे तुकडे स्वतः वेचा.