मॅगझिन कुठे होतं?

देवरुख,
रविवार

चि. मेघना हिस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी बाजारात एकाने मला थांबवून विचारलं, "तुमच्या पुतणीच्या हातून क्वार्टरमध्ये गोळी सुटली म्हणे?" मला काही ठाऊकच नाही, मी काय सांगणार? घरी येऊन वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "तसं काही नाही भावोजी, पिस्तूल पुसून परत जोडत होती, जरा आवाज झाला." पोरी, मी शस्त्रागारात हयात घालवली. जरा आवाज आपोआप होत नाही. त्याला चेंबरमध्ये राउंड लागतो आणि चापावर बोट लागतं. तेव्हा एवढंच सांग, मॅगझिन कुठे होतं?

तुझ्याकडे ईशापूरचं ९ एमएम आहे, १३ राउंडचं. मूळ बेल्जियमचं. ब्राउनिंगने आराखडा सुरू केला, तो १९२६ साली वारला, पुढचं काम साइव्हने पुरं केलं आणि १९३५ साली ते पिस्तूल आलं. फ्रेंच लष्कराची अट होती की मॅगझिन बाहेर असेल तर चाप चालता कामा नये. फ्रेंचांनी शेवटी दुसरंच पिस्तूल घेतलं, पण ती सोय यात राहिली. चांगलीच सोय आहे, पण जोडणीनंतर माणूस तिथेच फसतो. सगळं बसवून झालं, घोडा मागे चढलेला आहे, तो खाली घ्यायचाय. मॅगझिन घातल्याशिवाय तो पडत नाही. मग हात शेजारी पडलेल्या मॅगझिनकडे जातो. ते भरलेलं असलं आणि जोडणी नीट झाली का हे बघायला तू स्लाइड एकदा मागे ओढून सोडलीस, की राउंड वर चढला. त्यानंतर चाप ओढला की काय होणार ते तुझ्या भिंतीला आता माहीत आहे.

असंच झालं ना? की खोलतानाच घाई झाली? आधी स्लाइड ओढून राउंड बाहेर काढला आणि मग मॅगझिन काढलं, तर चेंबर पुन्हा भरलेलं असतं आणि आपण मात्र रिकामं समजून बसतो. मॅगझिन आधी, स्लाइड मग. मग डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी चेंबरमध्ये घालून चाचपायचं. रात्रपाळी करून आलेल्या डोळ्यांवर मी भरवसा ठेवत नाही, करंगळीवर ठेवतो. उद्या तुला ग्लॉक मिळालं तर जास्तच सांभाळ, ते खोलायच्या आधीच चाप ओढावा लागतो.

जोडणीबद्दल मला काळजी नाही. तुझा हात चांगला आहे. गाइडवर चढवलेली स्प्रिंग बॅरलखाली दाबून बसवताना ती अंगठ्याखालून उडू पाहते, तेव्हा तू ओठ चावतेस, ते मी गेल्या गणपतीत पाहिलं. स्लाइड मागे घेऊन सेफ्टी खाचेत अडकवलीस, डावीकडून स्लाइड स्टॉप सरकवलास, तो बसल्याचा टक् आवाज आला तशी माझ्याकडे बघून हसलीस. मला केवढा अभिमान वाटला! त्या दिवशी राउंड कुठे आहेत हे मी विचारलं होतं, तू माजघरातल्या कपाटाकडे बोट दाखवलं होतंस. मग या वेळी काय झालं?

आप्पांची ठासणीची बंदूक तुला आठवत नसेल. डुकरं भाताची नासाडी करायची म्हणून परवान्याची होती. बंदूक ओटीवर खुंटीला आणि दारू माळ्यावर, कुलपात. दोन्हींच्या मध्ये शिडी. दादा आणि मी लहानपणी कुरकुरायचो की डुक्कर येऊन खाऊन गेलं तरी आप्पा अजून शिडीवरच. आप्पा ऐकायचे नाहीत. तुझ्या क्वार्टरमध्ये शिडी नाही, पण दुसरी खोली तर आहे. साफ करायला बसशील तेव्हा भरलेली मॅगझिनं तिकडे कुलपात जायला हवीत. टेबलावर फक्त एक रिकामं, आणि त्याला रंगाचा पट्टा मार.

तुला हे कधी सांगितलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या शस्त्रागारात पूजेसाठी सगळी हत्यारं पुसायची धांदल असे. मी तरुण होतो, हात वेगवान होता, घड्याळ लावून जोडायची पैज मीच सुरू केली होती. एक नवा मुलगा माझी बरोबरी करायला बघायचा. त्याच्यासमोर भरलेली आणि रिकामी मॅगझिनं एकत्र पडलेली मी पाहिली, आणि पैज मोडायला नको म्हणून गप्प राहिलो. त्याच्या डाव्या तळव्यातून गोळी गेली. चौकशीत माझं नाव कुठेच आलं नाही. पुढे त्याला त्या हाताने साधी शर्टाची बटणं लावता येईनात, बायको लावून द्यायची. तेव्हापासून कुणी मला सेकंद मोजून जोडणी दाखवली की माझ्या पोटात गोळा येतो. तू मला तसला व्हिडिओ पाठवला होतास, मी उत्तर दिलं नव्हतं, ते यामुळे.

रागावून बरंच लिहिलं. आता ऐक. झालं ते वरिष्ठांना लेखी कळवलं नसशील तर आजच कळव. पुंगळी जपून ठेव, राउंडचा हिशेब जुळतो तसाच लिही. ठपका येईल, वेतनवाढ अडकेल, येऊ दे. लपवलेली गोष्ट पुढे तुला जास्त छळेल.

आणि कानाचं काय? बंद खोलीत इतक्या जवळ बार झाला म्हणजे कान वाजत असतील. दोन दिवसांत थांबेल म्हणून बसू नकोस, कानाच्या डॉक्टरकडे जा. झोप लागते का? हात थरथरतो का? थरथरला तर त्यात लाज नाही, आठ दिवस हत्यार जमा कर. दादा असता तर त्याने तुला काही विचारलंच नसतं, नुसता शेजारी येऊन बसला असता. मला ते जमत नाही, मी आधी मॅगझिनच विचारतो.

काकूने आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय. शनिवारी सकाळच्या एसटीने निघतो. तू ड्यूटीवर असलीस तरी चालेल, किल्ली शेजारी ठेव, मी पिठी करून ठेवीन. आल्यावर आधी जेवू, बाकीचं नंतर.

तुझा,
काका